डोळ्याचं वाक्य

चिमणे,

रात्रपाळीहून येऊन बुटांसकट झोपलीस. उठवायचं जिवावर आलं, म्हणून डोळ्याच्या ऑपरेशनला एकटाच पुढे जातोय. रागावू नकोस.

तू दिलेला इंग्रजीचा अभ्यास केलाय, 'डोन्ट वरी अबाउट'ची चार वाक्यं.

डोन्ट वरी अबाउट दूध. तापवून झाकलंय.

डोन्ट वरी अबाउट वकीलसाहेबांचा कोट. या खेपेला दोन्ही बाह्या सारख्या आल्यात, टेप लावून पाहिल्या.

डोन्ट वरी अबाउट शिलाई मशीन. डॉक्टर हो म्हणेपर्यंत हात लावणार नाही, तुझी शपथ.

चौथं वाक्य डोळ्याचं करणार होतो. पण आमच्या मास्तरीणबाई वाक्य खरं असेल तरच मार्क देतात. म्हणून सोडून दिलं.

झोप पुरी करून ये. म्हणजे, मला आत न्यायच्या आधी आलीस तर बरं.

बाबा