नांगराची निशाणी

हाजराबी बहिणीले, ठाण्यातल्या कारकून चिमणाजीचा सलाम.

तुह्या नवऱ्यानं गुन्हा कबूल केला नव्हता. तो कबुलीचा जबाब म्या लिहिला.

शेठची कापसाची गंजी त्याच्याच मेहुण्यानं पेटवली, हे जमादाराले त्याच सकाळी ठाऊक होतं. मेहुणा जमादाराच्या ओट्यावर पान खाऊन गेला, अन् दुपारी तुह्या कुर्बानले धरून आणलं. कावून, तर तो गंजीजवळ पिंजत बसला होता.

जबाब झाला, खाली निशाणी राहिली. जमादार म्हणे, "तूच काढ." ज्याले लिहिता येत नाही, तो आपल्या धंद्याची निशाणी काढते. कुणब्याचा नांगर, पिंजाऱ्याची कापूस पिंजायची कमान. म्या मुद्दाम नांगर काढला. वाटलं, पिंजाऱ्याच्या नावाखाली नांगर कसा, असं कोर्टातला साहेब विचारन अन् खोटं उघडं पडन. तोंडानं सांगायची माही छाती नव्हती.

साहेबानं कागद पाहिला अन् बाजूले ठेवला. कुर्बानले काळ्या पाण्याची सजा झाली.

काल तू अकोल्याच्या ठाण्यासमोर बसली होती. म्हणाली, "भाऊ, आमच्या घरच्याले कुठी नेलं, तेवढं कागदात पाहून सांगा." मी कामाचं निमित्त करून आत गेलो.

हे पत्र तुले पाठवता येत नाही. पिंजारपुऱ्यात कोणाचंही पत्र आलं की लोक ते माह्याकडेच वाचायले आणतात. तूही आणशीन. समोर बसशीन. अन् मी तुले काहीतरी दुसरंच वाचून दाखवीन.

सही माह्याच हातची,
चिमणाजी