विहिरीवरचा पूल

दि. ५ ऑक्टोबर

चि. खारूस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसती हो-हो करतेस, म्हणून पुन्हा कागदावर येतो. महिनाअखेरपर्यंत तुझं गेमचं ऑनलाइन दुकान चाललं नाही, तर पाइपच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, असं तुझ्या बाबांनी बजावल्याचं वाचून वाईट वाटलं. मेहुण्यांची दाढ काढली तेव्हा मी उगाच हलक्या हाताने काढली.

आता एक काम. माझा एक मित्र दीपगृहाच्या त्या नव्या गेममध्ये अडकलाय. लोखंडी दरवाजा काही केल्या उघडत नाही. तू प्रत्येक गिऱ्हाइकाला, अडलं तरच फोडायची अशी बंद चिठ्ठी हाताने लिहून पाठवतेस ना, तसली एक याच्यासाठी पाठव. गेम मात्र त्याने त्या अवाढव्य दुकानातून घेतलाय, निम्म्या भावात. मी त्याला पुष्कळ सुनावलं. स्वभावाने भोळा आहे.

लोभ आहेच, तो या कामापुरता जरा वाढव.
तुझा मामा

दि. ९ ऑक्टोबर

ती. मामांस,
खारूचा सा. न. वि. वि.

तुमच्या भोळ्या मित्राला म्हणावं, दरवाजाचा नाद सोडा. अंगणातल्या विहिरीच्या कठड्यावर चढायचं आणि सरळ चालत राहायचं. तिथे पूल आहे. दिसत नाही, पण आहे. पडलात तर विश्वास कमी पडला असं समजून पुन्हा चढायचं.

इकडे गेल्या आठवड्यात दोनच गेम खपले, त्यातला एक मावशीने दयेपोटी घेतला. आई म्हणते, पाइपच्या दुकानात निदान पंखा तरी आहे. पण मामा, प्रत्येक गेम आधी स्वतः खेळायचा, समोरच्याला काय रुचेल ते विचारायचं आणि मग विकायचा, यात माझा जीव रमतो. हे बंद झालं तर मी फार रडेन. घरात कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगते.

माया असू द्या, उरली तर मित्रालाही द्या.
तुमची खारू

दि. १५ ऑक्टोबर

खारे,
आशीर्वाद पुढच्या पत्रात देईन.

अगं, सतरांदा विहिरीत पडलो! शिवाय बागेतल्या बाकावरच्या मंडळींनाही तुझी चिठ्ठी मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवली होती. सगळे त्याच दरवाजापाशी अडकलेले. निवृत्त मुख्याध्यापिकाबाई शिस्तीत पडल्या. पोस्टमास्तरांचं म्हणणं, पूल मंजूर असेल, बांधायचा राहिला असेल. मला आता बाकावर तोंड दाखवायची सोय राहिली नाही. मोठ्या दुकानाकडे मदत मागितली, तर आमचं मत त्यांना मोलाचं वाटतं असं उत्तर आलं आणि खाली आणखी ढीगभर गेम दाखवले.

खरा रस्ता कळव, मग लोभाचं बघू.
मामा

दि. १९ ऑक्टोबर

ती. अक्कलदाढ मामांस,
सा. न. वि. वि.

मित्राऐवजी तुम्हीच पडलात म्हणायचं! त्या मोठ्या दुकानाच्या पानावर ‘अक्कलदाढ’ या टोपणनावाने कोणी पाच तारे दिलेत आणि वर लिहिलंय की, इतकं स्वस्त मिळत असताना छोट्या दुकानांची पायरी चढायची कशाला. दवाखान्याच्या पाटीवर हौसेने अक्कलदाढ रंगवून घेणारा माणूस मला एकच ठाऊक आहे. तुमचं ते चिठ्ठी मागणारं पत्र येण्याआधीच मी ते वाचलं होतं. तेव्हा रडू आलं, मग पत्र आलं आणि विहीर सुचली.

खरा रस्ता असा: दरवाजा ढकलू नका, ओढा. जन्मभर लोकांचे दात ओढलेत, एवढंही सुचू नये?

राग उतरलाय, लोभ अजून वाटेत आहे.
खारू

दि. २४ ऑक्टोबर

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद, मागचे राहिलेले धरून.

दरवाजा उघडला. मान खाली गेली ती अजून वर आलेली नाही. ते पाच तारे मी काढून टाकले आणि बाकावर सगळं कबूल केलं. मला वाटलं, मंडळी मला वाळीत टाकतील. झालं भलतंच. आता सगळ्यांना पुढचा गेम तुझ्याकडूनच हवाय. पोस्टमास्तरांना मारामारी अजिबात नको, बाईंना फक्त मारामारीच हवी. बाई आणखी पाच जुन्या शिक्षकांना गळाला लावून आल्यात. प्रत्येकाची आवड वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडली आहे. तुझ्या बाबांनाही पत्र टाकलंय की, गल्ल्यावर दुसरा माणूस बघा, आमच्या दुकानदारीणबाईंना सवड नाही.

मी बाईंना विचारलं की, तिकडे निम्म्या भावात मिळतं, तरी इकडे का? त्या म्हणाल्या, तिकडे आपल्याला विहिरीत ढकलायलासुद्धा कोणी नाही.

तेव्हा लोभ ठेव, आणि अधूनमधून ढकलत जा.
तुझा मामा