कोठीतली ओ

३ फेब्रुवारी
सुदुंबऱ्याच्या फाउंड्रीत आज दाखल झालो. मालकांनी चहा पाजला, मग काळा धूर ओकणारी चिमणी दाखवली. म्हटलं, चहा झकास, चिमणी वंगाळ. हसले. भट्टीच्या धुरातली विषारी धूळ अडवायला इथे लोखंडी कोठी आहे. आत माणसापेक्षा लांब कापडी पिशव्या टांगलेल्या. धूर त्यांतून गाळायचा, मग हवेचे फटके मारून पिशव्या झाडायच्या. फाटकी पिशवी लोक डोळ्यांनी शोधतात, मी कानांनी. धड पिशवी 'थप्प' वाजते, फाटकी नुसती 'फस्स'. वेल्डरची हातोडी उचलून देणारा मी, या कानांवरच ठेकेदार झालो. खोली कारखान्यातच मिळाली. बायको, कोमल, तिकडे आमच्या तुंगार्लीच्या घरी. तिला फोन करून झोपतो.

५ फेब्रुवारी
फिटर मारुतीभाऊ वडिवळ्याचे. माणूस लाख, पण आज एक खटकलं. भट्टी थांबवून इथल्या कामगार पोरांनी पिशव्या बदलल्या आणि यांनी हाक न मारताच दार लावलं. आमच्या धंद्यात आधी कोठीत तोंड घालून हाक मारतात. आतून ओ आली नाही, तरच दार लावायचं. बोललो तर म्हणाले, "शेट, हितं हाक मारत न्हाईत. तुमी बी मारू नगा." विचारलं, साऱ्यांचाच घसा बसलाय का? कुणी हसलं नाही.

७ फेब्रुवारी
धूर निम्म्यावर आला. पोरांना ठणकावलं, माझ्या कामावर हाक मारूनच दार लागेल. मीच तोंड घातलं. "कोण आहे का रे?"
"ओ."
सगळी पोरं माझ्या मागे उभी होती.
मारुतीभाऊंनी मला ओढलं, दार लावलं. मग सांगितलं: मागे ओंकार नावाचा पोरगा आत राहिला, दार लागलं, भट्टी पेटली. तेव्हापासून हाकेला ओ येते. "येऊ द्या. फकस्त एकट्यानं आत जाऊ नगा."

८ फेब्रुवारी
आज भट्टी चालू. फटक्यांच्या मधे कोठीतून आवाज आला. "कोण आहे का रे?" आधी पोराच्या आवाजात. मग थोड्या जाड. मग —
माझ्या.
मारुतीभाऊंना विचारलं. त्यांना नुसतीच आरड ऐकू येते.

१० फेब्रुवारी
उद्या धुराची सरकारी तपासणी. एक पिशवी अजून 'फस्स' करतेय. धूर दिसला तर फाउंड्रीला टाळं, पोरांची चूल बंद. पोरं आत जायला तयार नाहीत. कान माझेच, जायला मलाच हवं. भट्टीचा धूर कोठीत ओढणाऱ्या पंख्याचं बटण कोठीच्या पलीकडे, तिथून दार दिसत नाही. मारुतीभाऊ तिथे थांबतील. मी बाहेर येऊन, दार लावून आवाज द्यायचा, मगच चालू.

१० — आतून
डायरी खिशात होती. मोबाईल बाहेर ठेवलाय. पिशवी सापडली, आणि मागे दार लागलं. आतून कडी नाही —

बाहेर माझा आवाज. "आलो, मारुतीभाऊ. करा चालू."

ओरडतोय. लाथा मारतोय. मारुतीभाऊ पलीकडच्या पत्र्याजवळ आले, ऐकतायत — म्हणाले, "वरडतंय बगा, शेट. तुमी सुटला, लय बरं झालं."

पंखा. ऊब. पिशव्या हलतायत —

तो हसला. माझंच हसू. माझ्या मोबाईलवर कोमलशी बोलतोय. म्हणतोय, आज लवकर निघतो, वाढून ठेव, आणि दार उघडं —