चौथी पासचा दाखला

भिलाई, गुरुवार, १२ ऑक्टोबर १९६१

संध्याकाळी गणपतची आई वकिलाला घेऊन आली. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

गणपत सव्वीस वर्षांचा, बुद्धी पाच वर्षांच्या पोराची. कारखान्याच्या बांधकामावर एकाने डिवचलं, याने ढकललं, तो परांचीवरून पडून मेला. सात वर्षं शिक्षा. आता जबलपूरच्या हायकोर्टात अपील आहे: याला समज कमी, शिक्षा कमी करा. पण सेशन जजने निकालात लिहिलंय, आरोपी चौथी पास आहे, त्याला सगळं कळतं.

चौथी पास! तो दाखला माझाच. निवृत्तीआधी, शाळेची मुख्याध्यापिका असताना, याला काम मिळावं म्हणून दिलेला. नाव लिहिता येत नव्हतं त्याला. दया म्हणे! मूर्खपणा. आणि जजसाहेब तरी केवढे विद्वान, समोरचा माणूस सोडून कागद वाचत बसले.

"बाई, तुमीच लिवून देल्लं, आता तुमीच खरं सांगा," आई म्हणाली.

वकील म्हणाला, "प्रतिज्ञापत्र द्या. पण खोट्या दाखल्याबद्दल तुमच्यावरही खटला होऊ शकतो."

या वयात तुरुंग? विचार करते, म्हटलं. मी! कॉन्व्हेंटात शिकलेली, खोटं बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभं करणारी.

निघताना आई म्हणाली, "जेलात भेटाले गेली का तो एकच पुसते, माय, सुट्टी कवा होते?"

ती दोघं कोपऱ्यापर्यंत गेली असतील. मी अनवाणी धावत जाऊन त्यांना परत आणलं. सोमवारी दुर्गला जाऊन प्रतिज्ञापत्रावर सही करायची. भीती वाटतेच आहे. चौथी पास, चौथी पास, डोक्यातून जात नाही.