झाकलेल्या विहिरीचं पाणी

कोपर, डोंबिवली

प्रिय दीप्ती,

तुमच्या वर्तकनगरला पाणी कसं आहे गं? इथे नळाला दिवसाआड येतं, तेही करंगळीएवढं. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. बोअरला खाडीचं खारं पाणी उतरलंय. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, त्यांना त्या पाण्याने पुसलं की अंगाला खाज सुटते. जिन्यात बादल्यांवरून भांडणं होतात. तू इथे राहत होतीस तेव्हा अशा भांडणांवर आपण दोघी दार लावून हसायचो.

मागच्या अंगणात मी फारशी जात नाही. गुरुदत्तभावोजींनी गच्चीवरून विहिरीपर्यंत आणलेला पाइप अजून भिंतीला आहे. तेव्हा लोक त्यांची चेष्टा करायचे, की पावसाचं पाणी विहिरीत सोडून हा माणूस काय पिकवणार आहे. ते शांतपणे म्हणायचे, "आज सोडलं की उद्या मागायचं नसतं. मुरू दे जमिनीत." त्या मे महिन्यात गाळ काढायला माणसं मिळेनात, म्हणून कमरेला दोर बांधून ते स्वतःच उतरले. तळाशी साचलेल्या वायूने त्यांना हाक मारायचीही सवड दिली नाही. वर आमचा रत्नदीप होता. एकट्याने दोर ओढून ओढून त्याचे तळहात सोलले गेले. त्या दिवसाबद्दल तो माझ्याशी, बायकोशीही, आजही बोलत नाही.

भावोजींचं दिवसकार्य उरकायच्या आत सोसायटीने विहिरीवर स्लॅब टाकला. पाइप मात्र कुणी तोडला नाही. तू सान्वीला घेऊन वर्तकनगरला राहायला गेल्यावरही दर पावसाळ्यात स्लॅबखाली पाणी पडल्याचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात यायचा. मी मिक्सर लावायचे.

गेल्या महिन्यात सेक्रेटरी भगवानकाकांनी मीटिंगमध्ये विहिरीचा विषय काढला. रत्नदीप उठून बाहेर गेला. मग वरच्या मजल्यावरच्या मंजुळाबाई हळूच म्हणाल्या, "माझ्या घरात बाळंतीण आहे. तिला काय देऊ?" त्यानंतर कोण नाही म्हणणार? स्लॅब फोडला. या वेळी खाली कुणाला उतरवलं नाही, सगळं वरूनच मशीनने केलं. विहीर निम्म्याहून जास्त भरलेली होती, दीप्ती. इतक्या वर्षांचं पाणी आजूबाजूच्या जमिनीत मुरून तिथे टिकलं होतं. तपासणीत ते पिण्याजोगं निघालं. भगवानकाका म्हणाले, "गुरुदत्तने ठेवलेलं आहे हे," आणि चष्मा काढून उगाच पुसत बसले.

सोमवारपासून आमच्या नळाला तेच पाणी येतंय. पहिल्या दिवशी मी नळ उघडलाच नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंची चादर धुतली. मग भात लावला. रत्नदीप तो जेवला, पण प्यायला तो ऑफिसातून बाटली भरून आणतो.

रविवारी भावोजींच्या तिथीला तू सान्वीला घेऊन येणार आहेस. दारात आलात की मी सवयीने पाणी पुढे करीन, आणि ते कुठलं आहे हे तुला जिन्यात कुणीतरी सांगून टाकेल. तसं व्हायला नको. फोन हातात घेतला होता, पण ठेवून दिला आणि लिहायला बसले. तू म्हणशील तर बाहेरचं पाणी आणून ठेवते. यावंसंच वाटलं नाही तर मीच तुझ्याकडे येईन. हे तिच्या बाबांच्या विहिरीचं पाणी आहे, हे सान्वीला सांगायचं की नाही, ते तू ठरव. मी ते प्यायले, दीप्ती. गोड आहे. तेच सहन होत नाही.

तुझीच,
मृणाल