दारावरचा गालिचा

हरार, ता. ४ फेब्रुवारी

ती. रुकय्याताईस मधल्या सित्तीचा सलाम. वि. वि. अल्लाच्या मेहेरबानीने इकडे सारे बरे आहोत. तुमचंही बरं चालो, अशी दुआ रोजच्या नमाजात करतेच.

तू बसने पाठवलेलं सामान पोचलं : गालिचा एक, साबणाच्या वड्या सहा, पैकी एक फुटलेली, चहाचा पुडा एक. हमाली चार बिर. हमाल सहा मागत होता. मी म्हटलं, बाबा, नुसता गालिचा आहे, आत माणूस गुंडाळलेला नाही. तेव्हा चारांवर आला.

गालिचा इतका देखणा की अंथरायला जीव होईना. उंदरांच्या भीतीने गुंडाळून दारावरच्या खुंट्यांवर ठेवला. आता तू कपाळाला हात लावशील. पण मला दोन्ही मुलगेच, तेही लग्न होऊन वेगळे राहणारे. माझ्या दारावर गालिचा पाहून कोण काय समजणार, असा माझा हिशेब. तो चुकला.

शेजारच्या मरियमचा झियाद परदेशी पाहुण्यांना गावातून पायी हिंडवतो, ते तुला लिहिलंच होतं. वेशी, मशीद, शिंप्यांची गल्ली आणि शेवटी आपलं घर. माणशी पाच बिर मला, कॉफी माझी. मंगळवारी त्याची नजर वर गेली. भिंतीवरच्या टोपल्यांचं पाल्हाळ मधेच सोडून तो सांगायला लागला की आमच्यात घरात लग्नाची मुलगी असली की दारावर असा गालिचा ठेवतात. एका बाईने लगेच विचारलं, मग मुलगी कुठे आहे. नेमकी तेव्हाच आपली धाकटी रुमाना कॉफीचं तबक घेऊन आत आली. मेला झियाद पापणी न हलवता म्हणतो, ही काय.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर मी तिची समजूत काढायला गेले, तर ती तबक पुसत म्हणाली की तो खोटं काय बोलला, माझं लग्न कुठे झालंय. सेहेचाळीस वर्षांची बाई, आणि हसलीसुद्धा नाही. मलाच तोंडात पदर कोंबून आत जावं लागलं.

मुलांना पापे. धाकटीवर करतेस तेवढी माया मधलीवरही असू दे.
तुझी सित्ती

अदिस अबाबा, ता. १२ फेब्रुवारी

चि. सित्तीस रुकय्याचे अनेक आशीर्वाद. पत्र वाचून आधी हसले, मग धसका घेतला. तो गालिचा आजच्या आज उतरव. उंदीर खाईनात का.

अब्बा गेल्यापासून आपल्या घरातल्या लग्नाचा शब्द मी द्यायचा, आणि असा कुठलाही शब्द मी दिलेला नाही. विशीत तीन मागण्या आल्या होत्या, तेव्हा बाईसाहेबांनी नाकं मुरडली. एकाचे कान मोठे, एकाची आई मोठ्या आवाजाची, तिसऱ्याचं तर कारणही सांगितलं नाही. आता या वयात दारावर गालिचा लावलात तर गल्लीतल्या बायकांना वर्षभराची करमणूक होईल. माझं सासर तिथेच आहे, हे विसरू नकोस.

पण माझी खरी काळजी निराळी आहे. कोणी आलंच नाही, किंवा कोणी थट्टेने आलं, तर ती मनातून मोडेल. बोलणार नाही, टोपल्या विणत बसेल. तुझ्या माणशी पाच बिरांपायी तिचं हसं होऊ देऊ नकोस.

तुझ्या ह्यांना सलाम. दुपारचा तो नशेचा पाला जरा कमी चघळा म्हणावं. राग मानू नये, मानलास तरी पत्र लिहावं.
रुकय्या

हरार, ता. २१ फेब्रुवारी

ती. रुकय्याताईस सलाम. वि. वि. तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी गालिचा उतरवला. सकाळी पाहते तर वर. पुन्हा उतरवला, पुन्हा वर. घरात माणसं तीन. उतरवणारी मी. ह्यांची कंबर धरलेली, ते स्वतःलाच कसेबसे उचलतात. उरलं कोण ते तू पाहा.

गुरुवारी झियाद सहा जर्मन पाहुणे घेऊन आला. त्यांच्यामागून सातवे आत शिरले ते मसाल्याच्या दुकानाचे बद्री. बायको जाऊन चार वर्षं झाली बघ त्यांची. डोक्यावर उन्हाची टोपी, गळ्यात भाच्याचा कॅमेरा. झियाद कानात म्हणाला की यांनी हट्टाने पुरे पैसे भरलेत. जन्म इथे गेला, तरी सकाळपासून सारं गाव पाहत फिरले. स्वतःच्या दुकानापुढे उभे राहून स्वतःच्याच दुकानाची माहिती ऐकली, आणि मानही डोलावली.

कॉफी झाली. कोणाला काही विचारायचंय का, असं झियादने म्हणताच बद्रींनी शाळेतल्यासारखा हात वर केला. विचारलं की हा गालिचा खरा आहे, की नुसता पाहुण्यांना दाखवायला.

झियाद माझ्याकडे बघतोय, मी जमिनीकडे. पाच वेळा नमाज पढणारी मी, खोटं बोलवेना, आणि खरं बोलावं तर तुझं पत्र आठवलं. एवढ्यात आतल्या पडद्यामागून रुमाना म्हणाली, खरा आहे, रोज मी चढवते.

जर्मनांनी विचारलं काय झालं. झियाद म्हणाला, इथली पद्धत आहे.

बद्रींनी पेला खाली ठेवला. म्हणाले की मागणी घालायला माणसं पाठवली असती आणि नकार मिळाला असता तर बाजारात तोंड दाखवता आलं नसतं, पाहुणा मात्र गुपचूप परत जाऊ शकतो. तुझा शब्द आला की वडीलधारी पाठवतील. तोवर रोज झियादच्या फेरीत नाव घातलंय. पैसे भरू नका म्हटलं, तर म्हणतात, मग कोणत्या नात्याने आत येऊ.

कान मी नीट पाहिले. बेताचे आहेत. ताई, ती गेली तर माझं घर ओकंबोकं होईल, तरी माझ्या मनात हो आहे. आता तू मोठी, तू ठरव.
तुझी सित्ती

रुकय्याताई, पानाची ही कड सित्तीने माझ्यासाठी सोडली आहे, दुसरा कागद द्यायला ती तयार नाही. लोक मला हसतील अशी तुला भीती वाटते. इतक्या वर्षांत मला कोणी हसलंसुद्धा नाही, ताई. हो की नाही ते कागदावर लिहू नकोस. जे असेल ते इथे येऊन माझ्या तोंडावर सांग. कोणत्या दिवसाच्या बसने निघतेस, तेवढंच उलट टपाली कळव.
रुमाना