कर्णधाराला बसवलं त्याबद्दल

बाबा,

राष्ट्रीय फुटबॉल संघाचा प्रशिक्षक म्हणून माझी नेमणूक झाली, हे तुम्हाला सांगायला मी उशीरच केला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की कोपरीच्या घरातल्या फोटोतले तुम्ही आता माझ्यापेक्षा तरुण दिसता. बातमी कळली त्या सकाळी मी वर्तकनगरहून आधी आईकडेच गेलो. माझ्याआधी माझा फलक पोचलेला. नाक्यावर मी, माझ्याहून मोठे आपले नगरसेवक, आणि खाली लाल अक्षरांत ‘कोपरीचा सुपुत्र, आता जिंकणारच!’ पेढे घेतले तर दुकानदार पैसे घेईना. रिक्षावाला म्हणाला, “साहेब, एवढा मोठा देश, अकरा पोरं मिळत नाहीत का हो? तुम्ही आता बघाच त्यांच्याकडे.” मी हसून मान हलवली. अशा वेळी दुसरं काय करतात?

आई स्वयंपाकघरात घावणे घालत होती. मी पेढे पुढे केले. तिने एक देवापुढे ठेवला आणि परत तव्याकडे वळली. पाठमोरीच म्हणाली, “हार घातला का रे?”

“घातला ना. खाली दहाबारा जण होते.”

“ह्यांना पण घातलेला.” तिने घावण उलटलं. “कोण कोण आलेलं ते लक्षात ठेव. नंतर तेच येतात.”

तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. पाणी जाणार आहे, भरून ठेव, असं सांगावं तसं तिने सांगितलं. मी तिथेच ओट्याला टेकून गरम घावण खाल्लं आणि तुमची डोंबिवलीची कंपनी डोळ्यांपुढे आली.

तुम्हाला कंपनीच्या टीमचा कोच केलं तेव्हा मी आठवीत असेन. प्लान्टच्या मागे मैदान, मैदानाला लागून नाला, आणि नाल्याचं पाणी कधी हिरवं, कधी तांबूस. तुमच्या कपड्यांना येणारा तो वास आई वेगळ्या बादलीत भिजवून घालवायची, तरी जायचा नाही. टीम सगळ्यांकडून हरायची. बाजूच्या रंगाच्या कारखान्याची टीम आपल्याला हरवून आपल्याच कँटीनमध्ये चहा प्यायची. मग नवा मॅनेजर आला, त्याला फुटबॉलचं वेड. त्याने तुम्हाला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, कप आणा, टीममधली सगळी टेम्पररी पोरं पर्मनंट करतो. तुम्ही घरी येऊन आईला हे सांगितलं तेव्हा तुमचा चेहरा उजळलेला मी पाहिलाय. तुमच्या डोळ्यांपुढे त्या पोरांची घरं उभी राहिली होती, आणि तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

त्या टीमचा सेंटर फॉरवर्ड आगरी होता, खाडीकडच्या गावातला. मोठ्याने हसायचा, मोठ्याने भांडायचा, घरी चारपाच वर्षांची एक मुलगी. सेमीफायनलला तो गोलच्या खांबावर डोक्याने आदळला. उठला, पाणी ओतून घेतलं आणि खेळला. फायनलच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही त्याला जेवायला घरी आणलंत. आईने बांगड्याचं तिखलं केलेलं, त्याच्या आवडीचं. त्याने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. मग दिव्याकडे पाठ करून बसला.

“काय होतंय रे तुला?” तुम्ही विचारलंत.

“काय नाय सर. ऊन लागलंय मना.”

तो गेल्यावर आई म्हणाली, “त्याला उद्या नका खेळवू.” तुम्ही बराच वेळ हात न धुता तसेच बसून होतात. मग म्हणालात, “अगं, बाकीच्यांची भाकरी त्याच्या पायावर आहे.”

दुसऱ्या दिवशी मी मैदानाच्या दोरीला धरून उभा आहे. शेवट जवळ आलाय, कॉर्नर मिळालाय. तो उडी मारतो, सगळ्यांच्या वर, आणि चेंडू त्याच्या कपाळावरून जाळ्यात जातो. माणसं आत धावतात. तो मात्र नीट दोन्ही पायांवर उतरतो आणि कुणाकडेही न बघता चालायला लागतो, जणू काम संपलं, आता घरी जायचं. मग खाली बसतो. मग आडवा होतो. ढोलवाला वाजवतच राहतो, कारण त्याला दिसलेलंच नाही.

आपण जिंकलो. पोरं पर्मनंट झाली. तुम्हाला गेटवर हार घातले, आणि तुम्ही ते गळ्यात ठेवूनच इस्पितळात गेलात, काढायचं सुचलंच नाही. तो जगला, पण उजवा हात मुडपून राहिला आणि बोलणं अर्धवट झालं. तुम्ही दर रविवारी त्याच्या गावी जायचात. एकदा मलाही नेलंत. ओटीवर बसलेला तो. त्याने तुम्हाला ओळखलं, ‘सर’ म्हणाला, उठायचा प्रयत्नही केला. त्याची मुलगी पाणी घेऊन आली तर त्याने बायकोला विचारलं, ही कुणाची पोर? बायकोने नाव सांगितलं. तिला सवय झालेली दिसत होती. परत येताना बसमध्ये मी, मूर्खासारखा, तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणालो, “पण बाबा, आपण जिंकलो ना?” तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, “जिंकलो हा शब्द पुन्हा काढायचा नाही.” पुढच्या मोसमात तुम्ही कोच व्हायला नकार दिलात, तेव्हा हार घालणारे तेच लोक आपल्या दारात आले. टीम सोडून पळाला म्हणाले. तुम्ही दार उघडं ठेवून सगळं ऐकून घेतलंत. आणि मी पुढे मोठ्या क्लबातून खेळायला लागलो, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, “खेळ. कोच होऊ नकोस.”

झालो, बाबा.

संघ हातात आला तेव्हा तो हरण्याला सरावलेला होता. आपल्याहून इवल्याशा देशांकडून हरून आलेला. परदेशी कोच आले, गेले, जाताना प्रत्येकजण काहीतरी टोचून बोलून गेला. आता आपला माणूस म्हणून मी. समोर दोन सामने, शेजारच्या एका लहानशा देशाशी, एक इथे आणि एक तिकडे, आणि ते जिंकलेच पाहिजेत असं सगळ्यांचं म्हणणं. त्यात आमचा कर्णधार डोंबिवलीचाच. निवृत्त व्हायला आलेला, पण देशभर लोक ओळखतात तो एकच फुटबॉलवाला. ठाण्याचा कोच, डोंबिवलीचा कॅप्टन, असं टीव्हीवर रोज चालू झालं. मलाही ते आवडत होतं.

शिबिरात, सरावात, एका बचावपटूचं कोपर त्याच्या कानशिलावर बसलं. तो पडला, उठला, हसला, शिवी दिली. दुसऱ्या दिवशी तो बसमध्ये पडदा ओढून बसला. मैदानात टोपी डोळ्यांवर. सावकाश दिलेला पास डावीकडून त्याच्या अगदी जवळून गेला आणि त्याने पायच हलवला नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे पुढच्या चालीकडे बघत होते. मला मात्र आपल्या स्वयंपाकघरात दिव्याकडे पाठ करून बसलेला माणूस दिसला.

डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले. त्यात काही नव्हतं. “पण न दिसणं म्हणजे नसणं नव्हे,” डॉक्टर म्हणाले, “आणि तो स्वतः काही त्रास नाही म्हणतोय. तुम्ही ठरवा.” मी त्याला खोलीत बोलावलं.

“सर, मी एकदम ओके आहे,” तो म्हणाला. “हा माझा शेवटचा चान्स आहे, तुम्हाला माहितेय ना?”

“डोकं दुखतं?”

“कोणाचं नाही दुखत?”

“उजेड सहन होतो?”

तो खिडकीपासून जरा बाजूला सरकला. मग म्हणाला, “सर, प्लीज. माझी पोरगी येणारे बघायला.”

प्रायोजकांचा माणूस वेगळा भेटला. सुटाबुटातला, अगदी नम्र. “सर, तिकिटं त्याच्या चेहऱ्यावर गेलीत. हरलो तरी एक वेळ लोक विसरतील. पण तो दिसला पाहिजे. थोडा वेळ तरी सोडा मैदानात.” मी नाही म्हणालो. तो हसला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “विचार करा. तुम्ही नवीन आहात.”

मी कर्णधाराला बाकावर बसवलं. अख्खा सामना स्टेडियम त्याच्या नावाचा घोष करत होतं. त्याच्या जागी खेळणाऱ्या पोराच्या डोक्यावर मोकळा चेंडू आला आणि त्याने तो आकाशात मारला. मग शेवटी त्यांनी गोल केला. एका गोलने हरलो, आणि शिटी वाजली तेव्हा घोष थांबला नाही, फक्त त्याचा सूर बदलला. आता तो माझ्यासाठी होता. कर्णधार माझ्यासमोरून हात न मिळवता आत गेला, आणि कॅमेऱ्यापुढे म्हणाला, “मला काहीच झालेलं नव्हतं. का बसवलं ते त्यांनाच विचारा.”

विचारायला लोक आले. नाक्यावरच्या फलकावर माझ्या तोंडाला डांबर फासलेलं. वर्तकनगरला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी खाली गाठून, थोडे दिवस गावी जाऊन येता का, असं काळजीने विचारलं. आईच्या खिडकीखाली पोरं उभी राहून ओरडत होती. मी धावत गेलो तर ती सोफ्यावर बसून मोठ्या आवाजात मालिका बघत होती. “पेढेवाला पण होता त्यात,” एवढंच म्हणाली. मी म्हटलं, आई, माझ्याकडे चल. ती म्हणाली, “तुझ्याकडे येणार नाहीत असं वाटतं तुला?” प्रायोजकांच्या माणसाचा फोन आला, तसाच नम्र. पुढच्या सामन्यात कर्णधार खेळेल. तुम्ही तिथे असाल की नाही, ते तुम्ही ठरवा.

बाबा, त्या दिवसांत मला तुमचा राग आला होता. तुमच्यामुळे मी घाबरलो, असं वाटायला लागलं. तुमच्या टीममधल्या पोराला झालं म्हणून प्रत्येकाला थोडंच होतं? खेळवला असता तर जिंकलोही असतो, आणि त्याला काहीही झालं नसतं. आणि न खेळवल्याने काय टळलं, हे कधी कुणाला दिसणारच नाही. मलाही नाही.

काल दुपारी कर्णधाराचा फोन आला. ओरडतच होता. “तुम्ही माझं वाटोळं केलंत, सर. पोरगी विचारते, बाबा तू का नाही खेळलास, मी काय सांगू तिला?” तिथे त्याचा आवाज फुटला. मग फोन बंद. मी चहा ठेवायला उठलो. चहाला उकळी यायच्या आत पुन्हा फोन. पुन्हा तोच. “तुम्ही माझं वाटोळं केलंत, सर. पोरगी विचारते,” तेच शब्द, त्याच क्रमाने, आणि त्याच जागी आवाज फुटला.

मी म्हणालो, “अरे, आत्ताच बोललो ना आपण.”

पलीकडून अगदी हळू, “कधी?”

मी त्याच्या बायकोला फोन द्यायला सांगितलं. ती म्हणाली, “सर, तो म्हणतोय तुम्ही सकाळपासून फोनच उचलत नाही आहात.” मी विचारलं, घरीही असं होतंय का? ती आवाज खाली आणून म्हणाली, “कोणाला सांगू नकोस म्हणालाय तो.” मी गॅस बंद केला आणि गाडी काढून डोंबिवलीला गेलो. तो दारात चपला घालून उभा होता, डावी उजव्या पायात. भांडला नाही. लहान मुलासारखा गाडीत बसला.

आधीच्या फोटोत जे नव्हतं ते आता दिसतंय. कवटीच्या आत हळूहळू रक्त झिरपत होतं म्हणाले. एक हेडर बसला असता तर, असं म्हणून डॉक्टर थांबले. उद्या सकाळी ऑपरेशन. काय होईल ते कुणी सांगत नाही. बातमी अजून बाहेर गेलेली नाही. बाहेर लोक अजून मला शिव्या देतायत, सामना जवळ आलाय, आणि तो खेळणार असं टीव्हीवर सांगतायत. मी इस्पितळाच्या बाकावर बसून हे लिहितोय. त्याची मुलगी शेजारी बसली आहे, तिला मघाशी आत सोडलं होतं. त्याने ओळखलं का, हे मी तिला विचारलेलं नाही.

हे आईला वाचून दाखवावं असं मनात होतं. पण नाही दाखवणार, कारण एक गोष्ट तुमच्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. फोनवर तो दुसऱ्यांदा तेच शब्द बोलायला लागला ना, तेव्हा भीती नंतर वाटली. आधी मला बरं वाटलं. मी बरोबर होतो म्हणून.